कोण कोणासाठी थांबते? : नृत्य, पडदा आणि प्रतिसादी यंत्र यांच्या संयोगाविषयी

मराठी समीक्षेने नाटकातील पदाचा प्रश्न जितक्या आस्थेने चर्चिला, तितक्या आस्थेने नृत्याचा प्रश्न कधी हाताळला नाही. संगीत नाटकाच्या परंपरेमुळे शब्द आणि सूर यांच्या नात्याविषयी बोलण्याची एक परिभाषा तरी आपल्याकडे तयार झाली. नृत्याच्या वाट्याला मात्र 'पदन्यास', 'मुद्राभिनय', 'विलोभनीय' अशी विशेषणे आणि वृत्तपत्री रसग्रहण एवढेच आले. आता नृत्य पडद्यावरील चलच्चित्रासमोर उभे राहते, त्यात सेन्सर व संगणकाची भर पडते आणि नर्तकाच्या हालचालीला यंत्र प्रतिसाद देऊ लागते. अशा प्रयोगापुढे ही परिभाषा साफ उघडी पडते. 'तंत्रज्ञानाचा कल्पक वापर' असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. तो वापर कल्पक आहे की केवळ महागडा आहे, हे ठरवण्याचा निकष कोणता, हा प्रश्न तसाच राहतो.

निकषाची गरज आज अधिक भासण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. या प्रकारची निर्मिती बहुधा एखाद्या नाट्यसंस्थेची वा नृत्यमंडळाची नसते. स्वतंत्रपणे, कामागणिक मानधनावर जगणारा कलावंत ती करतो. तो स्वतः नाचतो, स्वतः चित्रण करतो, संकलनही करतो आणि संगणकाच्या जाणकाराला चार दिवसांपुरता सोबतीला घेतो. त्याच्या मागे घराणे नाही, संस्थेचे दप्तर नाही, छापील संहिता नाही. प्रयोग संपला की उरते ती एक ध्वनिचित्रफीत. बुलढाणा किंवा खामगावच्या महाविद्यालयात लोकरंगभूमी वा माध्यमांतर हा विषय घेऊन बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते तीही ही फीतच, भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर. त्या फितीवरून प्रबंधिका लिहिली जाते. आपण कलाकृतीविषयी लिहीत आहोत की तिच्या एका कोनातून घेतलेल्या छायेविषयी, ही शंका त्या लेखनात क्वचितच उमटते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातून या प्रश्नाकडे पाहू गेल्यास प्रारंभीच अडचण येते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील मांडणीनुसार प्रत्येक कलेचे माध्यम वेगळे असते आणि त्या माध्यमातील घटकांची संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी लयबद्ध रचना झाली की सौंदर्य सिद्ध होते. नृत्याचे माध्यम देहाची गती, चित्रपटाचे माध्यम हलत्या प्रतिमा. दोन्ही एकाच रंगमंचावर आली तर लय कोणत्या माध्यमातील घटकांची? मर्ढेकरी चौकटीत याचे उत्तर ओढूनताणूनच द्यावे लागते. सुसान लँगर यांनी 'फीलिंग अँड फॉर्म' (१९५३) या ग्रंथात दिलेले उत्तर अधिक रोखठोक आहे. त्यांच्या मते दोन कला समान हक्काने नांदत नाहीत. एक दुसरीला गिळून आत्मसात करते. गीतात कविता संगीताच्या पोटात जाते.

लँगर यांच्या या तत्त्वाची साक्ष बुलढाणा जिल्ह्यातच मिळते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा एक आरंभबिंदू ठरली. कवितेचा संग्रह त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९५४ मध्ये निघाला. म्हणजे पुस्तक हाती येण्यापूर्वीच चाल कानी बसलेली होती. आजही ती कविता मनातल्या मनात वाचू गेल्यास चाल आडवी येते. कवितेच्या स्वतःच्या यतीवर थांबावे म्हटले तर मुद्रिका थांबू देत नाही. येथे गिळंकृत करणारे केवळ संगीत नव्हते. संगीत तर मैफलीतही असते, आणि तेथे गायक आज येथे, उद्या तेथे थांबतो. चालीतले सगळे विराम कायमचे मुक्रर केले ते यंत्राने. कला कलेला आत्मसात करते हे लँगर यांचे म्हणणे खरे धरले, तरी मुद्रण करणाऱ्या यंत्राचा वाटा त्यांच्या तत्त्वात वेगळा मोजलेला नाही, एवढे यावरून दिसते.

नृत्य व पडदा यांच्या संयोगासाठी येथे सुचवायचा निकष या निरीक्षणातून निघतो. प्रयोग चालू असताना कोण कोणासाठी थांबते? नर्तक पडद्यासाठी थांबतो की पडदा नर्तकासाठी? निकष साधा, किंबहुना भाबडा वाटेल. परंतु 'संयोग', 'संवाद', 'आंतरक्रिया' या शब्दांमागे खरोखर काय घडते आहे हे त्यातून बऱ्याच अंशी उलगडते.

पडदा आणि जिवंत सादरीकरण यांचा संसार महाराष्ट्राला नवा नाही. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९२ पासून दाखवलेली 'शांबरिक खरोलिका' ही चित्रपटपूर्व काळातील पडद्याची कला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडायची, ती झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण करायचा आणि सोबत निवेदन, संवाद, गायन चालवायचे, असे तिचे स्वरूप. काच सरकवणारा हात आणि बोलणारा कंठ एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते. प्रेक्षक हसले तर निवेदक थबके आणि निवेदक थबकला तर काचही थबके. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तेव्हा त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलण्याचे कसब असे जिवंत खेळही होते. या घटनेचा उल्लेख चित्रपटाचे इतिहासकार एक गंमत म्हणून करतात. वस्तुतः मराठी माणसाने काढलेल्या पहिल्या कथापटाचा जन्म नाचाच्या शेजारी झाला, ही बाब गंमतीपेक्षा पुष्कळ जड आहे. मात्र तेथे संयोग नव्हता. एकापाठोपाठ एक अशी केवळ मांडामांड होती. कोणी कोणासाठी थांबत नव्हते.

त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात फाळक्यांनी कमलाबाई गोखले यांना मोहिनीच्या भूमिकेत उभे केले. कथा सर्वांना ठाऊक आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची प्रत्येक हालचाल तंतोतंत गिरवतो, आणि तिने हात मस्तकी ठेवताच त्यानेही तो ठेवल्याने भस्म होतो. हालचाल टिपून तिची नक्कल करणारी आजची संगणकीय यंत्रणा पाहिली की या असुराची आठवण यावी. नक्कल अचूक होती, तिच्यात थांबण्याचा विवेक मात्र नव्हता.

या इतिहासात सर्वांत रेंगाळावे असे नाव उदयशंकर (१९००-१९७७) यांचे आहे. ते मराठी नव्हते. परंतु त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून बाहेर पडलेला गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्याच्या प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शनासाठी आला आणि सचिन शंकर यांनी १९५३ मध्ये मुंबईत आपले बॅले युनिट उभारले. म्हणून महाराष्ट्राच्या नृत्य-चित्रपट व्यवहाराला ते परके मानता येत नाहीत. अल्मोड्यात त्यांनी पडद्यामागून छाया पाडून 'रामलीला' सादर केली. 'कल्पना' (१९४८) हा संपूर्ण चित्रपट नृत्याच्या आधाराने रचला, आणि १९७० मध्ये कलकत्त्यात 'शंकरस्कोप' या नावाने रंगमंच व चित्रपट एकत्र आणला. पडद्यावरील पात्र चालत येते आणि पुढच्या क्षणी सदेह रंगमंचावर उतरते, असा तो खेळ. प्रागच्या आल्फ्रेड राडोक व योसेफ स्वोबोदा यांनी १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात 'लातेर्ना मागिका' या नावाने याच जातीचा प्रयोग केला होता.

या तीन टप्प्यांत थांबण्याचे गणित कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. छायानाट्यात पडदा हा केवळ कापड आणि दिवा असतो. नर्तक दिव्याजवळ गेला की छाया मोठी होते, दूर गेला की लहान. छायेला स्वतःचा काळ नसतो. 'कल्पना'मध्ये नर्तकाने आपला काळ कॅमेऱ्याच्या व संकलकाच्या हाती सोपवला. मात्र तो सोपवताना नृत्यकाराने स्वतः दिग्दर्शकाच्या जागी बसून घेतले, आणि म्हणून त्या चित्रपटातील तुकड्यातुकड्यांची जोड देहाच्या वजनाला धरून चालते. श्रमिक व यंत्र यांच्यावरील नृत्यात माणसांची शरीरेच यंत्राचे दांडे आणि चाके होतात. यंत्राला देहात आणण्याची ही रीत चित्रपटयंत्राच्या पोटात राहून योजावी, यात त्यांची समज दिसते. चित्रपटाच्या कथेतही एक कलावंत आपली कल्पना निर्मात्याला ऐकवतो आणि निर्माता ती नाकारतो. स्वतंत्र कलावंताची कथा इतक्या उघडपणे त्या काळी फार थोड्यांनी मांडली असेल.

'शंकरस्कोप'मध्ये मात्र पारडे फिरले. फिल्मचे रीळ एकदा सुरू झाले की ते सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने जाणारच. पडद्यावरचे पात्र ज्या क्षणी कडेला पोहोचते त्याच क्षणी रंगमंचावरच्या नर्तकाने प्रकट झाले पाहिजे. अर्धा क्षण चुकला तरी जादू फसते. म्हणजे प्रेक्षकाला जे परस्परमीलन वाटते ते नर्तकाच्या बाजूने एकतर्फी पालन असते. टाळ्यांसाठी तो थबकू शकत नाही आणि दम लागला तर लय सैल करू शकत नाही. नवलाची गोष्ट घडली ती पडद्याने, आणि घाम गाळला तो देहाने. या निकषावर पाहता वयाच्या सत्तरीत केलेले उदयशंकरांचे हे धाडस त्यांच्या छायानाट्याच्या एक पाऊल मागे जाते, असे म्हणणे भाग आहे. तंत्राने पुढचे पाऊल कलेतही पुढचेच असते हे गृहीत धरणाऱ्यांना हा निर्णय रुचणार नाही.

लावणीच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली, आणि तिचे मोल माणसांनी चुकते केले. तमाशाच्या फडात ढोलकी आणि पाऊल यांचे नाते दुहेरी असते. ढोलकीवाला तोडा वाढवतो तेव्हा नर्तिका त्याच्यासाठी थांबते, आणि ती एखाद्या अदेवर रेंगाळली की बोटे चामड्यावर खोळंबून राहतात. चित्रपटात गाणे आधी मुद्रित होते आणि नृत्य त्यावर तुकड्यातुकड्याने चित्रित होते. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पासून 'पिंजरा' (१९७२) पर्यंतच्या तमाशापटांनी लावणीला अमाप लोकप्रियता दिली हे निर्विवाद आहे. व्ही. शांतारामांची दृश्यजाणही वादातीत आहे. 'नवरंग' (१९५९) मध्ये संध्या यांनी एकाच देहाने, पुढून स्त्री व पाठमोऱ्या मुखवट्याने पुरुष होऊन केलेले नृत्य ही कॅमेऱ्याची किमया नव्हे, ती देहाची युक्ती आहे, आणि शांतारामांनी तिथे कॅमेऱ्याला नर्तिकेसाठी थांबायला लावले. परंतु एकंदर व्यवहार असा झाला की चित्रपटातील लावणी हेच मूळ आणि फडातील लावणी ही तिची नक्कल ठरू लागली. पुढे मुद्रित ध्वनीवर नाचण्याची प्रथा रंगमंचावर आली आणि अशा खेळांत ढोलकीवाल्याची गरजच उरली नाही. आज अशा खेळांच्या मागे मोठा उजळ पडदा असतो आणि त्यावर नर्तिकेचीच मोठी प्रतिमा. याला कोणी बहुमाध्यम प्रयोग म्हणेल. थांबण्याचा अधिकार सर्वांकडूनच काढून घेतलेला असा हा प्रकार आहे.

यंत्रालाच नर्तकासाठी थांबायला लावता येईल काय? पाश्चात्त्य प्रयोगशील नृत्याने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा यत्न १९६० नंतर केला. मर्स कनिंगहॅम यांची मंडळी १९६४ च्या जगप्रवासात भारतातही येऊन गेली होती. त्यांनी पुढच्याच वर्षी, जुलै १९६५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये 'व्हेरिएशन्स फाइव्ह' सादर केले. संगीत जॉन केज यांचे, पडद्यावरील चित्रे स्टॅन व्हॅनडरबीक यांची. रंगमंचावर उभ्या अँटेना आणि प्रकाशविद्युत घट बसवले होते. नर्तक जवळून गेला की त्यांतून संकेत निघे व ध्वनियंत्रणेकडे जाई. वर्णन ऐकून वाटते की येथे अखेर देहाने यंत्राला चालवले. प्रत्यक्षात संकेत आणि ध्वनी यांच्यामध्ये वादकमंडळी बसलेली होती. कोणता ध्वनी केव्हा व किती सोडायचा ते त्यांच्या हाती होते. नर्तकाला आपल्या पावलाने नेमके काय वाजले हे कळण्याचा मार्ग नव्हता. कनिंगहॅम आणि केज यांना नृत्य व संगीत यांची परस्परस्वतंत्रता हवीच होती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा दोष नव्हे. मात्र 'देहाने वाजवलेले संगीत' असे त्याचे वर्णन जे पुढे रूढ झाले ते भोळेपणाचे आहे.

नव्वदच्या दशकानंतर संगणक स्वस्त झाला आणि 'आंतरक्रिया' या शब्दाला तेज चढले. लेव्ह मॅनोविच यांनी २००१ मध्येच सावध केले होते की संगणकाच्या माध्यमाला आंतरक्रियाशील म्हणणे ही द्विरुक्ती आहे, आणि कळ दाबण्याच्या कृतीला मनाच्या व्यापाराचा दर्जा देणे ही दिशाभूल आहे. या इशाऱ्याला आपल्याकडची दोन उदाहरणे जोडता येतात. बुलढाण्यासह वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या आणि टाळ्यांच्या ठेक्यावर. गाणी संपली की घरची बाई झाकलेली खिरापत पुढे आणते आणि ती कोणती हे मुलींनी ओळखायचे असते. ओळखता आली नाही तर खेळ लांबतो, घरमालकीण खुलते, एखादी सूचक खूण देते. येथे प्रतिसाद देणाऱ्या दोन्ही बाजूंना थांबण्याची, लांबवण्याची आणि चकवण्याची मुभा आहे. यंत्राची नावनिशाणी नसलेली ही आंतरक्रिया पुष्कळशा सेन्सरयुक्त प्रयोगांपेक्षा श्रीमंत आहे.

दुसरे उदाहरण इतके निरागस नाही. बैठकीच्या लावणीत दौलतजादा करणारा श्रोता पैसे पुढे करतो, ओळ पुन्हा म्हणायला लावतो, अदा बदलून मागतो. प्रयोगाचा ओघ त्याच्या इच्छेने वळतो. आजच्या परिभाषेत हा 'सहभागी प्रेक्षक'च. परंतु या सहभागामागे पैसा, जात आणि पुरुषी अधिकार उभे होते, आणि विशिष्ट जातींतील स्त्रियांच्या वाट्याला त्याची झळ आली. तेव्हा प्रेक्षकाच्या हाती सूत्रे देणे हे स्वभावतः लोकशाहीवादी असते, हा आंतरक्रियाशील कलेच्या प्रवक्त्यांचा आवडता सिद्धान्त मराठी अनुभवाशी जुळत नाही. कोण थांबते, इतकेच पुरेसे नाही. कोणाला थांबावेच लागते, हेही विचारले पाहिजे.

या संदर्भात सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगांवकर यांनी लावणीविषयी केलेल्या कामाचा निर्देश अवश्य केला पाहिजे. मेधातुल यांचा माहितीपट, कोरगांवकरांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक आणि त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग, असा या कामाचा प्रवास झाला. कॅमेऱ्यापासून निघून ते जिवंत बैठकीकडे आले, म्हणजे रूढ दिशेच्या नेमके उलट. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या मुरलेल्या कलावंतीण अदा करीत असताना निवेदन मागे सरते. येथे संगणक नाही, सेन्सर नाही. तरीही माध्यमांच्या संयोगाचा विचार त्यात अधिक आहे, कारण चित्रपट जे दाखवू शकत नाही ते कोणते, याचा निर्णय चित्रपट करून झाल्यावर घेतलेला आहे.

उरतो तो संहितेचा प्रश्न, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो सर्वांत जवळचा आहे. तंजावरचे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांच्या नावावर असलेल्या मराठी नृत्यरचना तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितरूपाने राहिल्या. त्यांत नृत्याचे बोल आहेत आणि मराठी साहित्यही आहे. शतकाहून अधिक काळानंतर मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या हस्तलिखितांवरून त्या रचना पुन्हा नाचत्या केल्या. बोलांच्या मधल्या रिकाम्या जागा त्यांनी परंपरेच्या ज्ञानाने भरल्या. संहिता अपुरी होती म्हणूनच तिला नव्या देहाची वाट पाहता आली, असेही म्हणता येईल. याउलट सेन्सरवर उभारलेल्या प्रयोगाची आज्ञावली अक्षरशः संपूर्ण असते, आणि तरी ती टिकत नाही. अनेक नृत्यप्रयोगांनी ज्याचा आधार घेतला ते मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट २०१० मध्ये बाजारात आले आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. फ्लॅशवर चालणाऱ्या कृती २०२० च्या अखेरीस मुक्या झाल्या. सरफोजींची रचना दीडशे वर्षांनी नाचता येते, आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रयोग त्याच कलावंताला पुन्हा उभा करता येत नाही.

पेगी फेलन यांनी १९९३ मध्ये असे मांडले की सादरीकरण वर्तमानातच जगते आणि जतन केले की ते दुसरेच काही होते. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मध्ये याचा प्रतिवाद केला. मुद्रणाच्या युगात 'जिवंत' ही कल्पनाच मुद्रणामुळे जन्मली, असे त्यांचे म्हणणे. हा वाद आपल्याकडे फेलन यांच्या बाजूने, काहीशा भावुकतेने, लवकर मिटवला जातो. परंतु संस्था पाठीशी नसलेल्या कलावंताला क्षणभंगुरतेचे तत्त्वज्ञान परवडत नाही. त्याचे पुढचे काम मागच्या कामाच्या फितीवर मिळते. म्हणून तो प्रयोगच फितीला साजेल असा रचू लागतो. नृत्य समोरून दिसेल असेच ठेवतो, काळोख कमी करतो, थांबे छाटतो. परीक्षकांना तीन मिनिटांत दाखवता येईल अशी कृती तयार होते, आणि समीक्षक तीच पाहून तिच्या गतिमानतेची वाखाणणी करतो.

तेव्हा बुलढाण्यातील त्या विद्यार्थ्याने फीत पाहू नये असे सुचवणे व्यर्थ आहे. त्याच्या हाती दुसरे काही नाही. फितीसोबत त्याने कलावंताकडे आणखी एक कागद मागावा. प्रयोगात कोणते संकेत यंत्राला दिले जात होते, त्यांतील कोणते आधी ठरलेले होते, कोणते त्या रात्री बदलले, आणि कळफलकावर बसलेल्या माणसाने कोठे हात आखडता घेतला, याची ती नोंद असेल. नाटकाच्या अभ्यासात सूत्रधाराच्या वहीला जे स्थान आहे ते या नोंदीला मिळायला हरकत नाही. बहुतेक कलावंतांकडे ती तयार नसते, आणि मागितल्यावाचून ती कोणी लिहिणारही नाही.